उडवलं पोराने, मग कमांडचे तास कॅप्टनचे कसे?

गेल्या अंकात एअरलाइनमधला एफओ, म्हणजे फर्स्ट ऑफिसर, कॅप्टन कसा होतो ते लिहिलं होतं. त्यात "पी-वन अंडर सुपरविजन" (म्हणजे देखरेखीखाली केलेलं कमांडरचं काम) असं एका ओळीत लिहून मी पुढे गेलो आणि नेमकी त्याच ओळीवर सगळ्यात जास्त पत्रं आली. काही रागावलेली, काही गोंधळलेली, आणि एका काकांनी तर १९९० मधला अपघात काढून मला कोपऱ्यात घेतलंय. तर या वेळेला तेवढंच.

प्रश्न : माझा मुलगा एअरलाइनमध्ये एफओ आहे. परवा फोनवर सांगत होता की मुंबई-दिल्ली त्यानेच उडवलं, टेकऑफ पण त्याचा आणि लँडिंग पण त्याचं. मी म्हटलं अरे वा, मग कमांडचे तास वाढले की तुझे. तर हसला, म्हणे आई हे को-पायलटचेच तास, कमांडचे धरायचे तर वेगळं असतं, त्याला कॅप्टनची सही लागते. उडवलं याने आणि कमांडचे तास कॅप्टनचे, हा कुठला न्याय?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, राग येणं साहजिक आहे पण मुलगा बरोबर सांगतोय.

कॉकपिटमध्ये दोन वेगवेगळ्या वाटण्या असतात आणि बाहेरून बघणाऱ्याला त्या एकच वाटतात. पहिली वाटणी हाताच्या कामाची. या सेक्टरला, म्हणजे एका टेकऑफपासून एका लँडिंगपर्यंतच्या फेरीला, विमान कोण उडवणार, तो पायलट फ्लाइंग. दुसरा पायलट मॉनिटरिंग, म्हणजे रेडिओवर बोलणारा, चेकलिस्ट वाचणारा आणि मुख्य म्हणजे पहिला काय करतोय त्यावर डोळा ठेवणारा. ही वाटणी दर सेक्टरला बदलते, जाताना कॅप्टनने उडवलं तर येताना एफओने, साधारण असंच चालतं. दुसरी वाटणी जबाबदारीची आणि ती दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंत बदलत नाही. कंपनीने त्या फ्लाइटला ज्याला कमांडर नेमलं, ज्याने विमान ताब्यात घेतल्याची सही केली, तो पायलट-इन-कमांड, म्हणजे पीआयसी, लॉगबुकच्या भाषेत पी-वन. कॅप्टनने तुमच्या मुलाला लँडिंग दिलं म्हणजे कमांड दिली असं नाही होत, फक्त हातातलं काम दिलं. म्हणून त्या दिवशी मुलाने पी-टू लिहिलं, म्हणजे को-पायलट, आणि ते तास वाया गेले असं अजिबात नाही, दोन पायलट लागणाऱ्या विमानातले को-पायलटचे तास एकूण तासांत पूर्णच्या पूर्ण धरले जातात. फक्त कमांडच्या रकान्यात जात नाहीत एवढंच.

आता तिसरा प्रकार, पी-वन अंडर सुपरविजन, ज्याला आपल्याकडे सगळे थोडक्यात पी-वन यूएस म्हणतात. आयकाओच्या, म्हणजे जगभरच्या विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या संघटनेच्या, लायसन्सिंगवरच्या पहिल्याच परिशिष्टात याची व्याख्या आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर को-पायलट कमांडरची सगळी कामं आणि कर्तव्यं करतो, खरा कमांडर शेजारी बसून देखरेख करतो, आणि ही देखरेख कशी करायची ती पद्धत लायसन्स देणाऱ्या खात्याला मान्य असते. आपल्या १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्सच्या शेड्यूल दोनमध्ये पण भाषा साधारण हीच.

यातला वजनदार शब्द "कर्तव्यं" हा आहे, "उडवणं" कुठेच नाही. जानेवारीत सकाळची दिल्ली फ्लाइट घ्या. धुक्याचं फोरकास्ट आहे, डिस्पॅचने कागदावर एक इंधन दिलंय, ते पुरेल का जास्त घ्यायचं, जास्त घेतलं तर वजन किती वाढतं, दिल्ली बंद झाली तर जयपूरला जायचं का अमृतसरला का लखनौला आणि तिथे आधीच दहा विमानं जाऊन बसली असतील तर पार्किंग मिळेल का. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या वहीत, इंजिनियरने एक यंत्रणा बंद ठेवून विमान सोडलंय, ते मिनिमम इक्विपमेंट लिस्टमध्ये, म्हणजे काय बंद असताना उडता येतं त्या यादीत, बसतं का, बसत असेल तर आज या हवामानात मला चालेल का. केबिन क्रूला काय सांगायचं. वर जाऊन होल्डिंगमध्ये, म्हणजे हवेत घिरट्या घालत, अडकलो तर किती मिनिटं थांबायचं आणि कुठल्या आकड्याला "बास, निघालो" म्हणायचं. हे सगळं एफओने स्वतः ठरवायचं, मोठ्याने बोलून दाखवायचं, आणि कॅप्टनने मान डोलवायची. हात तर चालतातच पण हे खरं काम. आणि हे सगळं निघायच्या आधी दोघांत ठरलेलं असायला हवं की आजचा सेक्टर पी-वन यूएस आहे. उतरल्यावर कॉफी पिताना "सर, छान झालं ना, मग यूएस लिहू का" असं विचारणारे एफओ असतात, हो, आणि हसून सही करणारे कॅप्टन पण असतात, दोघांचंही चुकतं.

दुसरी अट जास्त कडक. ब्रिटनमध्ये ती पूर्वीपासून फार स्वच्छ शब्दांत मांडली आहे, की सुरक्षिततेसाठी कमांडरला मध्ये पडावं लागलं नाही तरच तो सेक्टर धरायचा. कॅप्टनने "थोडा उंच आहेस, बघ" म्हटलं तर ते मध्ये पडणं होतं का यावर क्रू रूममध्ये तासभर वाद घालता येतो, मी घातलेत. माझं मत असं की आठवण करून देणं चालतं, पण "आय हॅव कंट्रोल" म्हणून साइडस्टिक घ्यावी लागली किंवा "नाही, गो अराउंड कर" (लँडिंग सोडून परत वर जा) असं सांगावं लागलं की तो सेक्टर पी-टू झाला, विषय संपला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तिसरी गोष्ट सही. कमांडरची सही नसेल तर ते तास कमांडच्या हिशोबात धरत नाहीत, युरोपच्या ईआसाच्या, म्हणजे तिथल्या विमान सुरक्षा संस्थेच्या, नियमात तर काउंटरसाइन हा शब्दच आहे.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पुढच्या लायसन्ससाठी. तुमच्या मुलाकडे आत्ता सीपीएल असणार, कमर्शियल लायसन्स. त्यावर एअरलाइनच्या मोठ्या विमानाचा को-पायलट होता येतं, कमांडर नाही. कमांडरला एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, लागतं आणि त्याला १५०० तास. पण नुसते १५०० नाहीत ना, त्यात कमांडचा अनुभव दाखवावा लागतो, आणि इथेच सगळ्यांची गाडी अडते, कारण कमांडचा अनुभव असल्याशिवाय कमांडर होता येत नाही आणि कमांडर झाल्याशिवाय कमांडचा अनुभव मिळत नाही. पी-वन यूएस ही त्या कोंडीतून काढलेली वाट आहे. आयकाओचं गणित असं, एकतर ५०० तास देखरेखीखालच्या कमांडचे, नाहीतर २५० तास कमांडचे, ज्यात किमान ७० अस्सल पी-वन आणि उरलेले देखरेखीखालचे चालतात. ईआसाने हे जवळजवळ तसंच उचललंय. कागदावर बघा, आपल्याकडे पायलटला ३६५ दिवसांत जास्तीत जास्त १००० तास उडता येतं, त्यातले अर्धे सेक्टर एफओच्या वाट्याला, आणि त्या अर्ध्यातले सगळे काही पी-वन यूएस होत नाहीत, हवामान बिघडलेलं असतं, कॅप्टन नवीन असतो, रनवे छोटा असतो. म्हणजे ५०० तास जमवायला एक वर्ष कुणालाच पुरत नाही. तेव्हा मुलाला घाई करू नका, फक्त विचारा की निघायच्या आधी कॅप्टनशी बोलून घेतोस ना.

प्रश्न : एकाच फ्लाइटचे दोन तास कॅप्टन पी-वन म्हणून लिहिणार आणि तेच दोन तास एफओ पी-वन यूएस म्हणून लिहिणार. मी बँकेत आयुष्य काढलं, आम्ही याला एकच नोट दोनदा मोजणं म्हणतो. चालतं कसं? आणि मुळात हे तास मोजतात कसे?
— निवृत्त वाचक, मिरज

उत्तर : काका, तुमच्यातला बँकवाला अजून निवृत्त नाही झालेला. नोट एकच आहे पण खाती वेगळी आहेत. कॅप्टनच्या खात्यात जमा होते ती जबाबदारी, आणि ती पूर्ण त्याचीच, एफओने किती का सुंदर निर्णय घेतले असेनात. काही बिघडलं तर चौकशी समिती आधी त्याला बोलावणार. एफओच्या खात्यात जमा होतो तो सराव, म्हणून मागे ते यूएस लावलेलं असतं आणि ते कधीच पुसलं जात नाही. पाच वर्षांनी कॅप्टन झाला तरी जुन्या पानावर ते यूएसच राहणार. एकाच विमानात एका वेळी दोन अस्सल पी-वन मात्र आपल्याकडे चालत नाहीत. अमेरिकेत थोडी वेगळी मजा आहे, ती पुढे एका पत्रात येते.

जाता जाता, तास मोजतात कसे हे पण तुम्ही विचारलंय. हवेत असताना नाही, विमान टेकऑफसाठी जागचं हललं तेव्हापासून फ्लाइट संपून शेवटचं थांबेपर्यंत. म्हणजे मुंबईला टॅक्सीवेवर चाळीस मिनिटं रांगेत उभं राहिलं तरी ती चाळीस मिनिटं लॉगबुकात. पायलट त्याबद्दल तक्रार करत नाहीत, प्रवासी करतात.

प्रश्न : सर मी फ्लाइंग स्कूलला आहे, सोलो झालाय, सध्या क्रॉस कंट्री चालू आहेत. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना पण सगळं मीच करतो, ते फक्त बसलेले असतात, मग ते तास मी पी-वन यूएस का नाही लिहू शकत? डुअलच का? आणि इथले पीआयसी तास पुढे एटीपीएलला कामाला येतात का?
— विद्यार्थी, धुळे जिल्हा

उत्तर : अरे इन्स्ट्रक्टर फक्त बसलेला कधीच नसतो, त्याचे पाय पेडलपासून किती अंतरावर असतात ते एकदा हळूच बघ.

तुझ्याकडे अजून ते लायसन्सच नाही ज्यावर तू को-पायलट म्हणून बसशील. पी-वन यूएस हे को-पायलटसाठी आहे, दोन पायलट लागणाऱ्या विमानात. तू आणि इन्स्ट्रक्टर असाल तर ते शिक्षण, म्हणून डुअल. तू एकटा असशील तर तूच कमांडर, म्हणून पीआयसी, मध्ये तिसरं काही नाही. आपल्या सीपीएलला २०० तास लागतात आणि त्यातले १०० पीआयसी, २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचे, पीआयसी, हे तुला पाठ असेलच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, आणि हे फार कमी मुलांना माहीत असतं म्हणून नीट वाच. ते १०० तास, जे तुम्ही लोक सेसना १७२ मध्ये दुपारच्या उकाड्यात कंटाळत भरता, ते अस्सल पी-वन आहेत, मागे यूएस नाही. आयकाओच्या गणितात किमान ७० अस्सल लागतात आणि तुझ्याकडे १०० आधीच आहेत, म्हणजे त्या वाटेने २५० गाठायला वर १५० देखरेखीखालचे पुरतात. ज्याच्याकडे अस्सल तास नाहीत त्याला ५०० ची लांबची वाट. परदेशात एमपीएल नावाचं लायसन्स आहे, २००६ पासून, त्यात मुलगा पहिल्यापासून एअरलाइनचा को-पायलट म्हणूनच घडतो, २४० तासांचं ट्रेनिंग आणि त्यातलं बरंच सिम्युलेटरवर, त्याने एकट्याने विमान फार थोडं उडवलेलं असतं. त्या पोरांना ही ५०० वाली वाटच धरावी लागते. तुला मात्र अर्ज करायच्या दिवशी लागू असलेला शेड्यूल दोन उघडून त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर स्वतःचे तास लिहायचेत, क्रॉस कंट्री वेगळे, रात्रीचे वेगळे, इन्स्ट्रुमेंटचे वेगळे. सीनियरने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नकोस, तो फोटो कुठल्या वर्षाचा आहे ते त्यालाही माहीत नसतं.

प्रश्न : तुम्ही लिहिता की कमांडर एकच असतो. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस बंगलोरला पडलं त्यात माझ्या ओळखीतलं एक कुटुंब होतं म्हणून तेव्हाच्या बातम्या मी बारकाईने वाचल्या होत्या. कॉकपिटमध्ये दोघेही कॅप्टन होते. डावीकडे बसलेला उडवत होता. मग कमांडर कोण होता आणि तास कुणाचे? हा प्रश्न तुम्हाला क्रूर वाटला तर छापू नका.
— एक वाचक, पुणे

उत्तर : क्रूर नाही, हा खरं तर या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

फ्लाइट ६०५. ए-३२० आपल्याकडे तेव्हा नवीकोरी होती, हे विमान तर कंपनीकडे येऊन दोन महिनेही झाले नव्हते. १४६ माणसं होती, ९२ गेली. डावीकडच्या कॅप्टनचं कमांडचं ट्रेनिंग चालू होतं आणि कमांड मिळण्याआधी जे रूट चेक द्यावे लागतात त्यातला हा पहिला. उजवीकडे चेक कॅप्टन. कमांडर उजवीकडचा. लोकांच्या डोक्यात डावी सीट म्हणजे कॅप्टन हे इतकं पक्कं बसलंय की हे सांगितलं तरी पटत नाही, पण सीट ही फक्त सीट आहे. कमांडचं ट्रेनिंग घेणारा डावीकडेच बसतो कारण उद्या त्याला तिथूनच काम करायचंय, आणि त्याला तपासणारा, त्या फ्लाइटचा कायदेशीर कमांडर, उजवीकडून सगळं बघतो. अशा फ्लाइटचे तास डावीकडचा देखरेखीखालचे म्हणून लिहितो आणि उजवीकडचा पी-वन म्हणून.

झालं काय ते थोडं सांगतो कारण त्यात देखरेख या शब्दाचा खरा अर्थ आहे. शेवटच्या टप्प्यात ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, अशा मोडमध्ये गेला होता की इंजिनं आयडलवरच राहिली. ए-३२० मध्ये दोन्ही बाजूंचे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसं न्यायचं ते पडद्यावर दाखवणारे मार्गदर्शक, बंद केले की ऑटोथ्रस्ट वेग सांभाळायच्या मोडमध्ये येतो. एका बाजूचा बंद झाला, दुसऱ्या बाजूचा चालू राहिला. वेग हवा त्यापेक्षा पंचवीसेक नॉट्सनी खाली गेला, आणि दोघांच्याही लक्षात आलं तेव्हा इंजिनं वर यायला वेळ उरला नव्हता. विमान रनवेच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर टेकलं. न्यायालयीन चौकशीने मुख्य ठपका ठेवला तो वैमानिकांना परिस्थितीचं गांभीर्य वेळेवर कळलं नाही, म्हणून. आता यात कुणी आळशी नव्हतं की बेपर्वा नव्हतं. एक जण नवीन विमानावर नवीन भूमिका शिकत होता आणि दुसरा त्याला तपासण्यात गुंतला होता, आणि वेगाचा आकडा दोघांच्या मध्ये कुठेतरी पडून राहिला. दोन अनुभवी माणसं शेजारी बसली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. मी ट्रेनिंग देत होतो त्या काळात सगळ्यात जास्त भीती मला नवख्या एफओची कधीच वाटली नाही, दुसऱ्या कॅप्टनची वाटायची, कारण त्याला टोकायला जीभ जड होते.

आणि हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. २३ वर्षांनी, ६ जुलै २०१३ ला, सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचं ७७७ समुद्राच्या भिंतीला शेपूट आपटून पडलं, ३०७ जणांपैकी ३ गेले. डावीकडे पूर्वी ए-३२० चा कॅप्टन असलेला आणि आता ७७७ शिकणारा पायलट, ७७७ वर त्याचे फक्त चाळीसेक तास. उजवीकडे इन्स्ट्रक्टर, त्या फ्लाइटचा कमांडर, आणि इन्स्ट्रक्टर म्हणून त्याची ती पहिलीच फ्लाइट. ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतोय असं दोघांना वाटत होतं, तो सांभाळत नव्हता, वेग १३७ हवा तिथे १०३ पर्यंत उतरला. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेने, हातभार लावणाऱ्या कारणांच्या यादीत इन्स्ट्रक्टरची देखरेख अपुरी पडली हे वेगळं लिहिलंय. दोन देश, दोन कंपन्या, दोन वेगळी विमानं आणि चित्र तेच.

म्हणून मिरजेच्या काकांना वर जे लिहिलं की जबाबदारी कॅप्टनच्या खात्यात, ते नुसतं हिशोबाचं वाक्य नाही. यूएसच्या रकान्यात सही करणारा माणूस हे सांगत असतो की मी पूर्ण वेळ बघत होतो आणि मला हात घालावा लागला नाही. यातला पहिला भाग खरा नसेल तर दुसऱ्याला काही किंमतच नाही.

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत फ्लाइंग शिकतोय. त्याचं लॉगबुक बघितलं तर इन्स्ट्रक्टर शेजारी असताना पण त्याने पीआयसी लिहिलंय. इकडे तुम्ही लोक म्हणता चालत नाही. पोरगं फेकतंय का?
— वाचक, ठाणे

उत्तर : नाही हो, पोरगं खरं बोलतंय. फक्त त्याच्याकडे त्या विमानाचं लायसन्स आधीच असायला हवं, प्रायव्हेट झालं असेल आणि आता पुढचं रेटिंग करत असेल तर बिनधास्त.

अमेरिकेचा एफएए, म्हणजे तिकडचं विमान वाहतूक खातं, दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो, कमांडर असणं आणि कमांडचे तास लिहिणं. त्यांच्या नियमातल्या ६१.५१ या कलमाप्रमाणे ज्या विमानाचं तुमच्याकडे रेटिंग आहे त्याचे कंट्रोल्स तुम्ही एकट्याने हाताळत असाल तर तेवढा वेळ पीआयसी लिहिता येतो, कमांडर दुसरा असला तरी. आणि इन्स्ट्रक्टर शिकवत असतो म्हणून तोही पीआयसी लिहितो. म्हणजे मिरजेच्या काकांची एकच नोट तिकडे खरोखर दोनदा मोजतात. देखरेखीखाली कमांडची कामं करण्याचा वेगळा मार्ग पण त्याच कलमात आहे, आणि तिकडच्या एटीपीला, म्हणजे आपल्या एटीपीएलसारख्या लायसन्सला, २५० तास पीआयसीचे किंवा कमांडरच्या देखरेखीखाली त्याची कामं केलेल्या को-पायलटचे मागतात, त्यात १०० क्रॉस कंट्री आणि २५ रात्रीचे.

गंमत पुढे आहे. भाचा असे तास घेऊन एअरलाइनच्या नोकरीला गेला की फॉर्मवर बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की पीआयसी म्हणजे फक्त तुम्ही कमांडर होता ते, कंट्रोल्स हातात होते ते नाही. तेव्हा त्याला सांगा आत्तापासून दोन रकाने ठेव, नंतर शेकडो ओळी परत वेगळ्या करत बसायला लागू नये. आणि भारतात परत यायचं असेल तर ते इन्स्ट्रक्टरबरोबरचे पीआयसी इकडे तसेच्या तसे पीआयसी म्हणून मिरवू नको, डुअल म्हणूनच बघतील.

ऑस्ट्रेलियात यालाच इन कमांड अंडर सुपरविजन, आयकस म्हणतात आणि युरोपात पायकस. नावं वेगळी, काम तेच.

एक गैरसमज पण काढून टाकतो, पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत १५०० तास झाले की कॅप्टन. नाही. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोलगन या एअरलाइनचं विमान पडलं, ५० जण गेले, त्यानंतर २०१३ पासून तिकडे एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाच एटीपी लागतं, म्हणजे सर्वसाधारणपणे १५०० तास. कॅप्टन व्हायला त्यावर एअरलाइनमधले आणखी १००० तास.

प्रश्न : हे सगळं स्वतःच स्वतःच्या वहीत लिहायचं असतं ना? मग कोणी पेनाने वाढवलं तर कळणार कसं?
— वाचक, अहिल्यानगर

उत्तर : वाढवणारे होते आणि आहेत. पायलट लोक त्याला पार्कर पेनचे तास म्हणतात. २०११ मध्ये आपल्याकडे खोट्या मार्कशीट आणि खोट्या तासांवर लायसन्स मिळवल्याची प्रकरणं निघाली, अटका झाल्या, राजस्थानातल्या एका फ्लाइंग स्कूलचे तास तर विमान हँगरमध्ये उभं असतानाचे होते अशा बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या.

पण एअरलाइनमध्ये खोटं लिहिणं फार अवघड आहे कारण तुमची वही ही एकटी नसते. विमानाचा टेक लॉग वेगळा, कंपनीचं रोस्टर वेगळं, आणि विमान स्वतःच जमिनीवर कळवत असतं की कधी हललं, कधी उडालं, कधी टेकलं, कधी थांबलं. शिवाय आता डीजीसीएच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या आपल्या सरकारी खात्याच्या, ईजीसीए पोर्टलवर ई-लॉगबुक आहे. एकूण तास वाढवले तर कुठेतरी आकडा जुळणारच नाही.

पी-वन यूएसचं दुखणं वेगळं आहे. तिथे फ्लाइट खरी, वेळ खरी, दोघंही खरोखर विमानात होते, फक्त त्या दोन तासांत निर्णय कोण घेत होतं हे कुठल्याच कॉम्प्युटरला माहीत नसतं. ते त्या दोघांनाच माहीत. काही कॅप्टन महिन्याच्या शेवटी वीस-पंचवीस ओळींवर एकदम सह्या करतात, मला तो प्रकार अजिबात पसंत नाही, एफओला आवडत असला तरी. माझ्या मते अशी सही त्याच दिवशी, त्याच सेक्टरवर दोन मिनिटं बोलून व्हायला हवी, इंधन का वाढवलंस, त्या ढगाच्या उजवीकडून का गेलास वगैरे.

थोडक्यात उत्तरं :

लांबच्या फ्लाइटला तीन-चार पायलट असतात त्यांचे तास? (वाचक, डोंबिवली) — मागे बंकमध्ये झोपलेला माणूस ते तास उडवल्याचे म्हणून नाही लिहू शकत. युरोपात फक्त क्रूझमध्ये सीट सांभाळणारा रिलीफ को-पायलट सीटवर बसला तेवढाच वेळ को-पायलट म्हणून लिहितो. पी-वन यूएस तर त्याचं नाहीच.

सिम्युलेटरचे तास? (वाचक, कोल्हापूर) — पी-वन यूएस सिम्युलेटरवर होत नाही, तिथे कमांड नावाची गोष्टच नसते. ईआसाच्या एटीपीएलला १५०० पैकी १०० पर्यंत सिम्युलेटरचे चालतात, तेवढंच.

एकाच पायलटचं विमान असून नियमामुळे दुसरा बसवला तर? (वाचक, पणजी) — आयकाओच्या नियमात त्या दुसऱ्याचे साधारण निम्मेच तास पुढच्या लायसन्सला धरतात. चार्टरच्या छोट्या विमानांवरच्या पोरांनी हे नोकरी धरण्याआधी विचारून घ्यावं.

प्रश्न : मी एफओ आहे. माझे साठेक तास पी-वन यूएस आहेत पण ज्यांच्याबरोबर उडलो ते कॅप्टन नोकरी सोडून आखातात गेले आणि सह्या राहिल्या. फोन उचलत नाहीत. काय करू?
— नाव नको, मुंबई

उत्तर : आधी ट्रेनिंग विभागात जा. त्या सेक्टरचा काही फॉर्म, असेसमेंट, ट्रेनिंग फाइलमधली नोंद असेल तर कंपनी काय देऊ शकते ते लेखी विचार. कॅप्टनना मेल कर, फोन नको, आणि मेलमध्ये तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, कुठून कुठे, किती वेळ हे सगळं स्वतः भरून दे म्हणजे त्यांना फक्त बघून हो म्हणायचं राहील. आखातात गेलेला माणूस रागावून नाही, रोस्टरमुळे फोन उचलत नाही.

यातलं काहीच नाही जमलं तर त्या ओळी पी-टू कर आणि पुढे चल. एकूण तासांत त्या आहेतच. दुसऱ्या कुणा मित्रासारख्या कॅप्टनकडून त्या जागी सही घेऊ नकोस, रोस्टर उघडलं की पहिल्या पाच मिनिटांत कळतं की तो माणूस त्या दिवशी कोचीला होता.